घरातील उंदीर आणि विषारी आमिषाचा हिशेब

गणेशचतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात गोव्यातील कित्येक मूळ घरांची कुलुपे निघतात. एरवी एखाद्या वृद्ध दांपत्याच्या वावराने कशीबशी जागी राहिलेली ही घरे या दिवसांत झाडलोट आणि रंगरंगोटी यांनी गजबजून जातात. केरसुणी माळ्यावर पोचली की त्या घराचे बारमाही रहिवासी कोण, हे ध्यानी येते. कुरतडलेल्या चटया, भोके पडलेली पोती आणि वाशांवरून गेलेले तेलकट काळे पट्टे पाहून कोणीतरी बाजारातून ‘उंदराचे औषध’ आणतो, घाईघाईने चार कोपऱ्यांत टाकतो आणि माटोळीच्या गडबडीत ते विसरूनही जातो. चतुर्थीला घरात पंचवीस-तीस माणसे जमतात. त्यांत दहा-बारा मुले असतात, आणि मोठ्यांनी विसरलेले कोपरे मुलांना हमखास सापडतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरी काही वर्षांपूर्वी हेच घडले. सणाच्या दुसऱ्या दिवशी बहिणीचा चार वर्षांचा नातू अर्धी निळी वडी हातात घेऊन आला आणि ही मिठाई कसली, असे विचारू लागला. उरलेली अर्धी उंदराने खाल्ली होती की त्याने, हे सांगणारे कोणी नव्हते. डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. विष कोणते? किती गेले असेल? केव्हा गेले? वड्या मीच ठेवल्या होत्या, आणि तरीही तिन्ही प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाकीट केरकचऱ्याबरोबर जळून गेले होते. आपण आठ वड्या ठेवल्या की नऊ, हेही मला आठवेना. मुलगा सुदैवाने सुखरूप राहिला. पण दोन दिवसांनी रक्ताची तपासणी होऊन निकाल हाती येईपर्यंत घरात कोणाला अन्न गोड लागले नाही. हा लेख त्या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच तयार ठेवण्याविषयी आहे.

आपल्या भाषेने या विषाला ‘औषध’ म्हणण्याची जी सवय लावली आहे, ती शक्य तो मोडावी. औषध म्हणजे चांगले, घेतले पाहिजे असे, हे आपणच मुलांना शिकवतो. मुलांसमोर या वस्तूचा उल्लेख ‘विष’ या शब्दानेच व्हावा. शिक्षकांनी पावसाळ्याच्या आरंभी आणि पुन्हा चतुर्थीच्या सुटीपूर्वी वर्गात ही गोष्ट एकदा सांगितली, पाकिटावरील कवटीचे चिन्ह फळ्यावर काढून दाखवले, तरी पुष्कळ काम होईल.

उपद्रव कोणाचा, हे आधी पाहावे

सर्व उंदीर एका रीतीने वागत नाहीत. आपल्या कौलारू घरांत मुख्यतः आढळतो तो काळा घरउंदीर. त्याची शेपटी डोके व धड यांच्या एकत्रित लांबीपेक्षाही लांब असते आणि तो चढण्यात पटाईत असतो. माड, आंबा, विजेच्या तारा, वळचण, आढे हे त्याचे रस्ते. स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवलेल्या आमिषाला हा आठ-आठ दिवस तोंड लावत नाही, कारण तो तेथे उतरतच नाही. याउलट घूस जमिनीची. घराच्या जोत्याखाली, गोठ्यालगत, मोरीच्या कडेला ती बिळे करते आणि तोंडाशी मातीचा ढीग टाकते. तिसरी चिमुकली घरउंदरी. तिला आत शिरायला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते आणि ती बहुधा आपल्या घरट्यापासून चार-पाच पावलांच्या पलीकडे जात नाही. लेंडीवरूनही ओळख पटते. मोठ्या उंदराची लेंडी सेंटिमीटरभर लांब असते, तर उंदरीची तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते.

चिचुंद्रीला मात्र यांतून वगळावे. लांब सोंडेसारखे तोंड, बारीक डोळे आणि भिंतीच्या कडेने चीं चीं करीत धावणे यांवरून ती सहज ओळखता येते. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडत नाही. झुरळे आणि किडे हेच तिचे मुख्य अन्न. तिच्या वासाचा त्रास होतो, हे खरे. तेवढ्यासाठी घरात विष मांडणे योग्य नव्हे.

रस्ते नेमके कळावेत म्हणून रात्री संशयित जागी रांगोळीची पूड पातळ पसरून ठेवावी. सकाळी पावलांचे ठसे आणि शेपटीची रेघ उमटलेली दिसते. दोन रात्री हे केल्यावर आमिष कोठे ठेवावयाचे याचा नकाशाच हाती येतो. एक-दोन उंदीरच असल्याचे दिसले, तर विषाच्या वाटेस जाऊच नये. पिंजऱ्यात भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावला की काम भागते.

विष कसे काम करते

बाजारात आज मिळणारी उंदीरनाशके दोन स्वभावांची आहेत. एक तत्काळ मारणारी, दुसरी सावकाश मारणारी.

पहिल्या प्रकारातील जुने नाव झिंक फॉस्फाईडचे. ही लसणासारख्या वासाची काळपट पूड असते. पोटातील आम्लाशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि उंदीर काही तासांत मरतो. शेतीत ती वापरली जाते. तेथे ९६ भाग भरड धान्य, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग पूड असे मिश्रण करण्याची रीत आहे, आणि त्याआधी दोन-तीन दिवस विषाशिवाय तेच खाद्य ठेवून उंदरांना सवय लावतात. सवय न लावता विष ठेवले तर चतुर उंदीर थोडे चाखतो, पोटात कळ येताच थांबतो, आणि वाचला तर त्या खाद्याला कायमचा बुजतो. मग पुष्कळ दिवस तो त्या आमिषाजवळ फिरकत नाही. या विषावर उतारा नाही. उंदराला ओकता येत नाही, म्हणून ते त्याच्यावर चालते. परंतु माणूस, कुत्रा, मांजर, गाय यांच्यावरही ते तितकेच चालते. राहत्या घरात, गोठ्यात वा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ झिंक फॉस्फाईड आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतासाठी आणलेल्या पुडीतील उरलेली चिमूट घरासाठी काढून ठेवण्याची चाल तर सर्वांत वाईट.

पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी जी नळी काही ठिकाणी मिळते, तिच्याविषयी एवढेच सांगणे पुरे की ती विकत घेऊ नये. ती दिसते दातांच्या पेस्टसारखी. पोटात गेल्यावर सुरुवातीची मळमळ ओसरते, एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग यकृत निकामी होऊ लागते. तिच्यावरही उतारा नाही.

दुसऱ्या प्रकाराची कथा मनोरंजक आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती वर्गात अवश्य सांगावी. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या गवतातील रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि त्याच संशोधनातून पुढे वॉरफरिन निघाले. १९४८ साली ते उंदीरनाशक म्हणून बाजारात आले. काही वर्षांतच ते हृदयरोगाच्या रुग्णांना औषध म्हणूनही देण्यात येऊ लागले. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर आढळले, आणि त्याहून तीव्र द्रव्यांचा शोध सुरू झाला. आपल्याकडे मिळणाऱ्या तयार वड्यांतील ब्रोमॅडिओलोन हे त्या दुसऱ्या पिढीतले.

ही द्रव्ये यकृतातील ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य बंद पाडतात. रक्त गोठविणारे नवे घटक तयार होणे थांबते. परंतु रक्तात आधीपासून असलेले घटक संपेपर्यंत काही दिवस जातात. म्हणून उंदीर आज खातो आणि चार ते सात दिवसांनी मरतो. आजच्या खाण्याचा आणि नंतरच्या दुखण्याचा संबंध त्याला लावता येत नाही, म्हणून तो बुजत नाही, त्याचे सोबतीही बुजत नाहीत. या विषाचे सारे यश या विलंबात आहे.

पण जो विलंब उंदराला फसवतो, तोच माणसालाही फसवतो. मुलाच्या पोटात अशी वडी गेली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. मूल खेळते, जेवते, झोपते. रक्ताच्या तपासणीतही पहिल्या दिवशी दोष दिसेलच असे नाही; डॉक्टर ती दोन दिवसांनी पुन्हा करावयास सांगतात ती याचमुळे. या विषावर ‘के-१’ जीवनसत्त्वाचा खात्रीचा उतारा आहे, ही जमेची बाजू. मात्र ब्रोमॅडिओलोन शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने, विष बरेच गेले असल्यास हा उपचार कित्येक आठवडे चालवावा लागतो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा.

विलंबाचा आणखी एक परिणाम घरोघरी दिसतो. दोन दिवसांत उंदीर मेला नाही की घरधनी ‘हे भेसळीचे’ म्हणून दुसरे विष आणतो, त्याच कोपऱ्यात टाकतो, आणि शेवटी कोणी काय खाल्ले याचा पत्ता कोणालाच राहत नाही. एका वेळी एकच विष, आणि त्याला किमान दहा दिवसांची मुदत, हा नियम पाळावा.

मात्रेचाही हिशेब समजून घेणे उपयोगी आहे. तयार वडीत ब्रोमॅडिओलोनचे प्रमाण ०.००५ टक्के असते. म्हणजे २० ग्रॅमच्या वडीत १ मिलिग्रॅम. दोनशे ग्रॅम वजनाच्या उंदराला मारण्यास सुमारे ५ ग्रॅम आमिष पुरते. तेव्हा एका कोपऱ्यात मूठ-मूठ वड्या ओतणे म्हणजे पैशांचा अपव्यय आणि धोक्यात भर.

आमिष ठेवण्याची रीत

पाकीट सीलबंद आणि परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार पाकिटावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. कागदाच्या पुडीत सुटे मिळणारे, नाव नसलेले विष कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुडीवर लिहिलेले नसते.

आमिष मांडण्याआधी उंदराचे नेहमीचे ताट काढून घ्यावे लागते. भाताची पोती उघडी, सुके बांगडे दोरीवर, नारळाची रास पडवीत आणि कुत्र्याच्या थाळीत रात्रभर उष्टे, अशा घरात विषाची कोरडी वडी कोण खाणार? धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात जावे, उष्टे रात्रीच काढावे. वडीला तोंड लागत नाही ही तक्रार निम्म्या वेळा येथेच मिटते.

वडी कधीही उघडी ठेवू नये. दुकानात मिळणारी आमिष-पेटी नसली तर घरच्या घरी ती करता येते. चार इंची पाईपचा दोन फुटांचा तुकडा अथवा तेवढाच जाड बांबू घ्यावा, मधोमध तारेने वडी ओवून पक्की बांधावी आणि तो तुकडा भिंतीला लागून, न हलेल असा बसवावा. तार महत्त्वाची आहे. उंदीर आमिष जागीच खातो असे नाही, तो ते ओढून नेतो. आमच्या घरची वडी माळ्यावरून माजघरात आली ती अशीच. पत्र्याच्या जुन्या डब्याला दोन्ही बाजूंना अडीच इंचांची भोके पाडूनही पेटी होते. तिच्यावर तांबड्या रंगात ‘विष’ असे लिहावे आणि झाकण तारेने आवळावे.

काळ्या घरउंदरासाठी पेटी वर हवी. माळ्यावर, भिंतीच्या माथ्यावर, वासे आणि भिंत मिळतात तेथे ती बांधावी. घुशीसाठी बिळाजवळ, पण कुत्र्यामांजरांचा आणि कोंबड्यांचा पाय लागणार नाही अशा आडोशाला. उंदरांच्या बाबतीत दोन पेट्यांत पाच ते दहा मीटर अंतर चालते. उंदरीसाठी मात्र दोन-तीन मीटरच ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणी आमिष थोडे असावे. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. पहिले दोन-तीन दिवस तो पेटीला वळसा घालून जाईल. त्या काळात पेटी सारखी हलवू नये. विहिरीचे कठडे, चूल, देवघर, धान्याची खोली आणि मुलांची निजण्याची जागा येथे पेटी अजिबात नको.

वडी हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, ते नसतील तर हातांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. वडी तोडताना स्वयंपाकाची सुरी किंवा विळी वापरू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आता मुख्य गोष्ट. शाळेच्या जुन्या वहीचे एक पान यासाठी राखून ठेवावे. त्यावर विषाचे नाव, विकत घेतल्याची तारीख, पाकिटातील एकूण वड्या, आणि कोणत्या जागी किती ठेवल्या हे लिहावे. दर दोन-तीन दिवसांनी पेट्या पाहून किती खाल्ले, किती नवे ठेवले आणि किती परत काढले याची नोंद करावी. पाकिटातील, पेट्यांतील आणि खाल्लेल्या वड्यांची बेरीज मूळ आकड्याशी जुळली पाहिजे. न जुळल्यास हरवलेला तुकडा सापडेपर्यंत मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. हे पान आणि रिकामे झाले तरी पाकीट, दोन्ही एकत्र, उंच आणि कुलूपबंद जागी ठेवावीत. घरातील दोघांना तरी ती जागा ठाऊक असावी. ज्याने विष ठेवले तोच नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो.

सलग चार-पाच दिवस कोठेही आमिष खाल्ले गेले नाही की काम संपले असे समजावे. बहुधा याला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यानंतर सर्व वड्या मोजून परत काढाव्यात. वर्षभर ‘असू दे’ म्हणून त्या ठेवणे अयोग्य आहे. चतुर्थीसाठी घर उघडणाऱ्यांनी हे काम सणाच्या महिनाभर आधी सुरू करावे आणि पाहुणे येण्यापूर्वी शेवटची पेटी उतरवावी. तेवढा वेळ नसेल, तर यंदा पिंजऱ्यावर भागवावे आणि विष सणानंतर, मुले गावी परतल्यावर ठेवावे. भातकापणी संपते तेव्हा शेतातील उंदीर घरांकडे वळतात, तोही काळ या कामास चांगलाच.

अपघात घडल्यास

माणसाच्या पोटात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोट घालून ओकारी काढू नये. दूध, तूप, तेल, अंड्याचा बलक असे घरगुती उपाय करू नयेत. फॉस्फरससारख्या विषात स्निग्ध पदार्थ उलट घात करतात. तोंडातील उरलेले कण काढून टाकावेत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पाकीट व वहीचे पान बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. झिंक फॉस्फाईड पोटात गेले असल्यास रुग्णाच्या उच्छ्वासातून आणि ओकारीतूनही विषारी वायू निघतो, म्हणून वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात. विषाचे नाव कळले की डॉक्टरांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्लाही घेता येतो. ‘मूल ठीक दिसते’ एवढ्यावर घरी परत आणू नये. डॉक्टरांनी दोन दिवसांनी बोलावले असेल तर जावेच.

कुत्र्यामांजरांचेही असेच. हिरड्यांतून रक्त येणे, सुस्ती, काळी विष्ठा असे दिसल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. ‘के-१’ त्यांनाही उपयोगी पडते. विषाने अर्धमेला झालेला उंदीर मांजर, गव्हाणी घुबड किंवा धामण यांच्या तोंडी सहज लागतो, आणि आपण आपलेच फुकटचे राखणदार गमावतो.

मेलेल्या उंदरांची विल्हेवाट

वडी खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात घराबाहेर जाऊन मरतो, असे दुकानदार सांगतात. त्यावर विसंबू नये. तो कोठेही मरतो, पुष्कळदा कौलांखाली किंवा कपाटामागेच. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज शोध घ्यावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने कधीही उचलू नये. हातावर पालथी घातलेली पिशवी, तिनेच उंदीर धरावा, पिशवी उलटवून गाठ मारावी आणि विहिरीपासून दूर, दोन फूट खोल पुरावी. ओहोळात टाकणे, उकिरड्यावर फेकणे हे दुसऱ्याच्या घरी संकट पाठविण्यासारखे आहे. लेंड्या आणि मूत्राचे डाग कोरडे झाडू नयेत. जंतुनाशक मिसळलेल्या पाण्याने भिजवून मग पुसावेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आपल्याकडे पावसाळ्यात आढळतात. पायाला जखम असताना चिखलपाण्यात काम केले आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाले, तर आरोग्यकेंद्रात जाऊन ही हकिकत आवर्जून सांगावी.

घरात आमिष ठेवलेले नसताना उंदीर मरून पडू लागले, तर ती बाब वेगळी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतरच्या काळात ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द ऐकताच माणसे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात आणि रोग माणसात येतो. अशा वेळी उंदराला हात न लावता, आणि आणखी विषही न मांडता, प्राथमिक आरोग्यकेंद्राला त्याच दिवशी कळवावे. शिक्षक, पंच किंवा पंचायतीचे सचिव यांच्यापैकी कोणीही ही वर्दी देऊ शकतो.

शेवटची पेटी उतरविल्यावर वाटा बुजविण्याचे काम लगेच हाती घ्यावे. जोत्यातील बिळे फुटक्या काचा घातलेल्या सिमेंटने भरावीत, मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवावी, दरवाजाच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकावी. छपरावर आलेल्या फांद्या मीटरभर मागे छाटाव्यात. अंगणातील माडांना जमिनीपासून दोन मीटर उंचीवर चाळीस सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदीर खोडावरून चढत नाही. मात्र शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींत अडकलेल्या नसाव्यात, नाहीतर तो त्यांवरून येतो.